चौदा धड्यांचं कार्ड

२ तारीख, सोमवार

औषधाच्या दुकानदाराने डायरी दिली. दर पानावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, पण तिच्याखाली जागा ऐसपैस. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली तिसरी दोनदा, म्हणजे खरं तर पाच वर्षं शाळेत गेले. लिहायला अडत नाही. वेळच नव्हता. आज मशीन बंद पडलं आणि वेळच वेळ झाला.

सगळं पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या मीच विसरेन. आमच्या पुढच्या खोलीत छापखाना आहे. शाईचा नाही, ठिपक्यांचा. अंध मुलांची पुस्तकं. मशीन जाड कागदावर ठिपके उठवतं, मुलं बोटांनी वाचतात. मशीनला हुकूम देतो एक म्हातारा कॉम्प्युटर. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्रबित्र काही नाही. त्याला डॉस म्हणतात. नवा कॉम्प्युटर आणावा तर मशीन जोडायची पट्टी त्याच्यात बसतच नाही. ह्यांनी दोन्ही एकदम आणलं होतं. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आता छापखाना सून चालवते, आणि मी कागद मोजते, शिवते, आणि सकाळी कॉम्प्युटर सुरू करते, संध्याकाळी बंद करते. ते काम ह्यांच्यापासून माझंच.

तर धडे फ्लॉपीच्या चपट्या तबकडीत भरून येतात, आणि आज ती घालायचं तोंडच मेलं. घातली की नुसतं घरघरतं. सून म्हणाली, "आई, हे आता कुठे मिळतही नाही." चेहरा एवढासा झाला तिचा. कारण दहावीच्या अकरा मुलांचं गणिताचं पुस्तक आहे. चौदा धडे. एकोणीस तारखेला सकाळी मुलं अभ्यासाच्या सुट्टीला आपापल्या गावी जातात, मग थेट परीक्षेलाच परत. म्हणजे अठराच्या संध्याकाळपर्यंत पुस्तक हातात नाही पडलं तर नाहीच पडलं.

मी म्हटलं, होईल गं. सतरा दिवस म्हणजे काय कमी आहेत?

३ तारीख, मंगळवार

आज घर कसं भरल्यासारखं वाटलं. दुरुस्तीवाला आला. उंच, वाकलेला, चष्मा दोऱ्याने बांधलेला. दारातून येताना चौकटीला डोकं आपटलं आणि चौकटीचीच माफी मागितली. मला तिथेच आवडला.

तो म्हणाला, फ्लॉपीचा नाद सोडा. कॉम्प्युटरच्या पोटात त्याने एक पट्टी बसवली, तिला वायर, वायरीला काडेपेटीएवढी डबी, आणि त्या डबीच्या फटीत नखाएवढं कार्ड. म्हणे एका कार्डात तुमच्या कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या बसून वर जागा उरेल. मी कपाटाकडे बघितलं. दीडशे तरी असतील.

पण डॉसला हे कार्ड म्हणजे काय ते माहीतच नाही. ते शिकवायला ओळी लिहाव्या लागतात, आणि कॉम्प्युटर सुरू होताना त्या वाचतो. दुरुस्तीवाल्याने लिहिल्या, कॉम्प्युटरने वाचल्या आणि मान हलवून बसला. मोठं कार्ड त्याला पचत नाही म्हणे, लहान हवं. लहान आता कोण विकतंय? शेवटी मुलाच्या जुन्या कॅमेऱ्यात एक सापडलं. त्याच्यात आमच्या नातीच्या बारशाचे फोटो होते. ते दुसरीकडे उतरवून घेतले आधी. ती आता हॉस्टेलला असते आणि आजीला फोन करायला तिला आठवण करून द्यावी लागते.

चार वेळा चहा झाला. साखर संपली.

५ तारीख, गुरुवार

चाललं. दुरुस्तीवाल्याने ओळींचा क्रम बदलला, एक खोडली, दोन वाढवल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि पडद्यावर ई हे अक्षर आलं. ई म्हणजे कार्डाचं घर. सून टाळी वाजवायला गेली आणि कागदाचा गठ्ठा पाडला.

पहिले चार धडे छोटे, चार-चार कागदांचे, ते संध्याकाळपर्यंत निघाले, अकरा-अकरा प्रती. धडे सगळे एकदम येत नाहीत. शाळेतल्या बाई एकेक तयार करून कार्डात भरतात, आणि ते कार्ड तपासनीस आपल्या पर्समधून आणते. तपासनीस म्हणजे आमच्याकडची वाचणारी. जन्मापासून दिसत नाही. निघालेलं प्रत्येक पान ती बोटांनी वाचते आणि चूक पकडते. जीभ म्हणजे सुरी आहे. मी म्हटलं, बघ गं, कसं सुरेख चाललंय. ती म्हणाली, "तुम्ही बघा आजी, मला ऐकू येतंय तेवढं पुरे."

संध्याकाळी सगळं आवरून कॉम्प्युटरला चादर घातली. कार्ड काढून माझ्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत ठेवलं. एवढीशी वस्तू, मुंगीने नेली तरी कळायचं नाही.

६ तारीख, शुक्रवार

ई आलंच नाही. सकाळी मी नेहमीसारखा कॉम्प्युटर सुरू केला, तपासनीस डबीतलं कार्ड शाळेत नेऊन पाचवा आणि सहावा धडा भरून घेऊन आली, सुनेने ते घातलं, आणि पडदा म्हणतो असं अक्षरच नाही. काल होतं की रे बाबा.

कार्डात भरतानाच काही बिघडलं असेल म्हणून तपासनीस ते परत शाळेत घेऊन गेली.

८ तारीख, रविवार

दुरुस्तीवाला सुट्टीच्या दिवशी आला. कुठूनसं शोधून आणलेलं लहान कार्ड खिशातून काढलं, घातलं, कॉम्प्युटर बंद-चालू केला. आलं की ई. म्हणाला, तुमचं कार्डच खराब दिसतंय, हे माझं ठेवा, ह्यात धडे भरून आणा.

भात जेवून गेला. दोनदा वाढून घेतलं. अशा माणसाला जेवायला घालण्यात सुख आहे.

१० तारीख, मंगळवार

नव्या कार्डात पाच ते आठ धडे आले. ई नाही.

सुनेने आज सतरा वेळा करून बघितलं. मी मोजलं. ती म्हणायची, "आई, काढा." मी कार्ड काढायची. "लावा बटण." मी लावायची. कॉम्प्युटर कुरकुरत उठायचा, मग सून कार्ड घालायची. नाही. पुन्हा. ह्यांची चिठ्ठी अजून कॉम्प्युटरवर चिकटवलेली आहे, पिवळी पडली आहे: आधी काढा, मगच बटण. पहिल्या वर्षी एकदा फ्लॉपी आत राहिली, तर कॉम्प्युटर उठलाच नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून अडून बसला. आम्हाला वाटलं गेला. हे दोन दिवस जेवले नाहीत. कोणीतरी येऊन फ्लॉपी काढली आणि उठला. तेव्हापासून ह्या घरात तोंड मोकळं केल्याशिवाय कोणी बटणाला हात लावत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

मुलगा रजेवर आला. ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. घरात पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांना शहाणपण शिकवायला लागला. स्वतःला रेडिओचे सेल उलटे घालायची सवय, पण बोलणं बघा. तरी बरं वाटलं. चार माणसं घरात म्हणजे स्वयंपाकाला अर्थ येतो.

११ तारीख, बुधवार

वाईट झालं.

कार्ड शाळेत तपासायला गेलेलं. तिथे म्हणे ठणठणीत चालतं. दुरुस्तीवाला दोन कामांच्या मधल्या वेळात धावत आला, फटीची नवी डबी आणली, आपल्याच कुठल्याशा तिसऱ्या कार्डाने बघितलं. बंद, चालू, ई. हसला. म्हणाला, "बघा, डबीचाच दोष होता."

मुलगा खुर्चीत बसून ऐकत होता. म्हणाला, "तुमच्यासमोर बरं चालतं. तुम्ही जिन्यावरून उतरलात की बंद. म्हणजे पुन्हा तुम्हाला बोलवायचं. असा धंदा मलाही जमला असता."

सून म्हणाली, अहो. पण बाण सुटला होता. दुरुस्तीवाल्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. बॅग भरली. म्हणाला, "मी दर वेळी येताना दुकान बंद करून येतो, हे तुम्हाला माहीत नसेल." आणि गेला. चहा तसाच राहिला.

मी मुलाला म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हणाला, आई तू मध्ये पडू नकोस.

१२ तारीख, गुरुवार

कार्ड परत आलं. पाच ते दहा धडे आहेत त्यात. घातलं. नाही.

सून आज बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली. बादली केव्हाच भरून वाहत होती, दाराखालून पाणी आलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. म्हणाले, फार ओढाताण करू नका, पुस्तक नाही झालं तर कोणीतरी मुलांना गणित वाचून दाखवेल. सुनेने तपासनिसीला सांगितलं. तपासनीस रिकाम्या टेबलावर हात ठेवून बसली होती. वाचायला एक पान नव्हतं.

म्हणाली, "आजी, तुम्ही तीन आकडी भागाकार ऐकून करता का?"

मी म्हटलं, मी तर लिहूनही करत नाही.

"माझ्या दहावीचं पुस्तक परीक्षेनंतर नऊ दिवसांनी आलं. मलाही वाचून दाखवणार होतं कोणीतरी. ते कोणीतरी एकदाच आलं. गणितात गेले मी. एक वर्ष घरी बसले, आणि त्या वर्षात घरच्यांनी ठरवलं की हिला आता पुढे शिकवून काय करायचंय." मग म्हणाली, "पुस्तक छान होतं. माझ्याकडे आहे अजून."

आतापर्यंत ह्या डायरीत मी घर भरलं, चहा झाला असं आनंदाने लिहीत होते, त्याची आज लाज वाटली. अकरा पोरं आहेत. मी त्यांना कधी बघितलेलं नाही, पण त्यांची पानं वीस वर्षं शिवते आहे.

१३ तारीख, शुक्रवार

मुलगा भंगारवाल्याला घेऊन आला. नुसतं बघायला म्हणे. भंगारवाल्याने मशीनवर थाप मारली, आधी खांद्यावर, मग पोटावर, जनावराच्या बाजारात मारतात तशी. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आतून म्हणाली, "एकोणीस तारखेनंतर न्या." एवढंच. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलगा वाईट नाही. संध्याकाळी माझ्याजवळ बसला. म्हणाला, "आई, ती गेलं वर्षभर त्या डबड्याशी झगडते आहे. रोज काहीतरी मोडतं. झोपेत डॉस-डॉस करते. मला ती माणसात हवी आहे." हे मला माहीत नव्हतं. मी त्याच घरात राहते.

१४ तारीख, शनिवार

आज क्रमाने लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

सून कागद आणायला गेली होती. कशासाठी, ते तिलाच ठाऊक. मुलगा झोपलेला. मी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला. तपासनीस तिच्या खुर्चीत होती.

म्हणाली, "आजी, एक विचारू? रोज सकाळी तुमची ती पत्र्याची डबी टक् वाजते, आणि मग कॉम्प्युटरची शिटी. बरोबर?"

म्हटलं, हो, त्यात कार्ड ठेवते मी. आधी बघते डबीत आहे ना, मग बटण.

"म्हणजे सुरू होताना कार्ड बाहेर असतं."

अर्थात. ह्यांची शिस्त आहे.

"दुरुस्तीवाले आले की डबी वाजत नाही. पाच तारखेला नाही, परवा बुधवारी नाही. ते कार्ड आत ठेवूनच बंद-चालू करतात. मी तिथेच बसले होते. नुसती शिटी झाली आणि लगेच ते म्हणाले, आलं."

मी म्हटलं, अगं, तो विसरत असेल. तोंडातून निघालं आणि मी खुर्ची ओढून बसले. कारण मला आठवलं, पाच तारखेला जाताना तो म्हणालाही होता, आजी कार्ड राहू द्या तसंच. मी हो म्हटलं, आणि त्याची पाठ वळल्यावर काढलं. मला वाटलं, पोरगा नवीन आहे, त्याला काय माहीत ह्या घरातलं.

फोन मी केला. बारा वेळा वाजला. उचलला तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं, मुलाच्या बोलण्याची माफीसुद्धा. मग म्हणाला, "तुम्ही रोज काढत होता?"

रोज, म्हटलं. दिवसातून सतरा वेळासुद्धा.

"आजी, फ्लॉपीचं उलट आहे हे. डॉस उठताना जो समोर दिसतो त्यालाच ओळखतो. नंतर आला त्याला ओळख देत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना." मग म्हणाला, "मी विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की कोणी काढत असेल."

कार्ड घातलं. बटणावर बोट ठेवलं आणि दाबवेना. ह्यांची चिठ्ठी डोळ्यांसमोर. मनात आलं, जळला तर? तपासनीस म्हणाली, "आजी, आजोबा असते तर त्यांनीच आधी दाबलं असतं." ती ह्यांना कधी भेटलेली नाही. पण दाबलं.

ई.

सून आली. मी तिला दारातच सांगितलं, पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही, कारण ठेवली असती तर माझा धीर गेला असता. म्हटलं, आठ दिवस माझ्यामुळे गेले. ती पडद्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन हात धुतले आणि पहिला कागद लावला. मला मारलं असतं तरी चाललं असतं.

मुलाला सांगितलं तेव्हा तो उठून चपला घालून बाहेर गेला. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेला होता, हे नंतर कळलं. काय बोलला विचारलं तर म्हणाला, "काही नाही, शटर धरून उभा राहिलो."

१६ तारीख, सोमवार

लिहायला वेळ नाही. दोन मिनिटाला एक कागद. खालच्या मजल्यावरच्यांनी सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच परवानगी दिली आहे, ठकठक सहन होत नाही. दहा धडे, एकेक पंधरा कागदांचा, अकरा प्रती. मला हिशोब जमला नाही, सुनेने केला, आणि कागद उलटा करून ठेवला. म्हणजे बसत नाही.

शेवटचे चार धडेही कार्डात आले. मुलाने रजा वाढवली. तो कागद उचलतो, मी शिवते. सून माझ्याशी कामापुरतं बोलते. "दोरा." "पान बत्तीस." आई म्हणत नाही.

१७ तारीख, मंगळवार

दुपारी कागद अडकला, तासभर गेला. सून मशीनवर डोकं टेकून उभी राहिली. मी पाणी नेलं. घेतलं. एवढंच लिहिण्यासारखं आहे.

१८ तारीख, बुधवार

तेरा धडे झाले. चौदाव्याची एकच प्रत निघाली आणि साडेपाच वाजले. शाळेचं वसतिगृह सातला बाहेरच्यांना बंद होतं. सून तरी दुसरी प्रत लावायला गेली. मुलाने तिचा हात धरला. ती म्हणाली, "एक धडा कमी म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही." तो म्हणाला, "कळतं. पण तेरा इथे राहिले तर?"

ट्रक दारात होता म्हणून बरं. गठ्ठे मागे, आम्ही तिघी पुढे कोंबून. सून मधे होती. वळणावर तिचा खांदा माझ्यावर आला आणि तिने तो काढला नाही. म्हणाली, "आई, मलाही सुचायला हवं होतं. मीच म्हणत होते ना, काढा म्हणून." मी म्हटलं, तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणत होतीस. ती म्हणाली, "आता दोषाची वाटणी करत बसू नका."

वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत अकरा जणं बसली होती. मी पहिल्यांदाच बघितली. मला वाटलं होतं लहान लहान असतील. मिसरूड फुटलेले मुलगे, वेणी घातलेल्या मुली, एकमेकांना कोपरं मारणारी. पुस्तकं हातात पडली आणि एकदम चूप. अकरा जणांची बोटं पळायला लागली, त्याचा आवाज येतो. मी वीस वर्षं पानं शिवली आणि तो आवाज मला माहीत नव्हता.

तपासनिसीने चौदाव्या धड्याची ती एकुलती प्रत मांडीवर घेतली. म्हणाली, "ठिपके टोचायच्या पाट्या काढा, टोचे काढा. सगळा धडा होणार नाही. सूत्रं आणि सोडवलेली उदाहरणं तेवढी सांगते. कोणी मागे राहिलं तर ओरडा, लाजू नका. मी लाजले होते." ती बोटांनी वाचायची, मोठ्याने म्हणायची, आणि अकरा टोचे कागदावर टपटप पडायचे. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. सात वाजून गेले तरी पहारेकऱ्याने काही म्हटलं नाही.

सातव्या उदाहरणाला कोपऱ्यातली एक बारीक मुलगी म्हणाली, "बाई, उत्तर चुकलंय."

तपासनीस म्हणाली, "मी तपासलंय ते."

"नळातून मिनिटाला चोवीस लिटर, अठरा मिनिटं. चारशे तेवीस नाही येत."

तपासनिसीने पुन्हा बोट फिरवलं. सगळे थांबले. सून माझ्याकडे बघायला लागली, जशी मी सांगणार आहे.

"तेवीसच आहे इथे," तपासनीस म्हणाली.

"असेल. पण चुकलंय," मुलगी म्हणाली, आणि टोचा खाली ठेवून बसली.

घरी येऊन मी ह्याच पानावर करून बघितलं. चोवीस दाहे दोनशे चाळीस. चोवीस आठे एकशे ब्याण्णव. चारशे बत्तीस. पोरीचं बरोबर आहे.